पायथ्याशी उभे राहणारे काका

आधी टूरवाल्या काकांना नमस्कार करते, मग काय झालं ते सांगते. माझ्या लेकीचा डावा डोळा आज वर्गातल्या फळ्यावरचं वाचतो. त्यात डॉक्टरांचा हात आहे, नर्सचा आहे, चष्मा करून देणाऱ्या त्या शांत मुलीचा आहे. पण त्या सगळ्यांच्या दारापर्यंत मला पोचवलं ते काकांनी. पोचवलं असंही म्हणता येत नाही, कारण ते स्वतः स्टेशनच्या पुढे आलेच नाहीत. तेच तर सांगायचं आहे.

त्यांचं नाव लिहीत नाही. ते म्हणतील, "नावाचं काय घेऊन बसलीस, छत्री ओळखीची असली म्हणजे झालं." छत्रीचं पुढे येईलच.

काका पुण्याचे. एका टूर कंपनीत तीस वर्षं नोकरी, मराठी माणसांना युरोप दाखवायची. रिटायर झाल्यावर दोन महिने मुलाकडे राहायला म्हणून फेब्रुवारीत मेलबर्नला आले आणि मार्चमध्ये कोविडमुळे विमानं बंद झाली. त्यांचा मुलगा, आम्ही त्याला दादा म्हणतो, ट्रुगानिनाला राहतो. चार खोल्यांचं घर, पुढची खोली आम्ही भाड्याने घेतलेली. आम्ही म्हणजे मी, माझा नवरा आणि सहा वर्षांची मनू. नवरा वेल्डर, ट्रकच्या बॉड्या बनवायच्या कारखान्यात. सासूबाई आजारी पडल्या म्हणून मार्चच्या सुरवातीला पंधरा दिवसांसाठी विट्याला गेला आणि बॉर्डर बंद झाली. आमचा व्हिसा तात्पुरता, त्यामुळे त्याला परत येता येईना. तर एका घरात काका इकडे अडकलेले, आणि मी अशी, की जिचं माणूस तिकडे अडकलेलं.

माझं शिक्षण नववीपर्यंत. पुढे घरात शिकवायला कोणी राहिलं नाही. इंग्रजी दुकानात चालण्यापुरतं. आणि मला भीती वाटते, कशाचीही. फोनवर 'प्रायव्हेट नंबर' असं आलं की माझे हात गार पडतात. टपालात पारदर्शक खिडकीचं सरकारी पाकीट दिसलं की दोन दिवस मी ते फ्रीजवर ठेवून देते, जणू गार झाल्यावर त्यातला मजकूर बदलणार आहे.

काकांना मात्र कुठल्याही खोलीत शिरल्याबरोबर माणसं मोजायची सवय. ओठ हलायचे नाहीत, उजव्या हाताचं बोट मांडीवर टकटक करायचं. मोजायचे जोडीनं. नवरा-बायको म्हणजे एक टक. मग मोठ्यानं, "सुटे, हात वर." जेवायला बसलं की दादा आणि वहिनी, एक टक. नंतर मी, मनू आणि ते स्वतः असे तिघे हात वर करायचो, आणि त्याशिवाय भाताचं पातेलं उघडायचं नाही.

वहिनी वैतागायच्या. "बाबा, पाच माणसं आहेत. रोज पाचच असतात. लॉकडाउन आहे, जाणार कुठे?"

"रोज पाच असतात ना," काका म्हणायचे, "म्हणूनच एखाद्या दिवशी चार असली तर कळत नाही."

गणपतीत झूमवर आरती झाली. मंडळातली घरं स्क्रीनवर चौकोनाचौकोनांत. अर्ध्या आरतीत काकांचं बोट सुरू. आरती संपली, सगळे प्रसाद एकमेकांना दाखवतायत, आणि काका स्क्रीनजवळ तोंड नेऊन म्हणाले, "ग्लेन वेव्हर्लीच्या आजी मघाशी होत्या, आता दिसत नाहीत. फोन लावा कोणीतरी." सगळे हसले. फोन लावला तर आजी बाथरूमशी घसरून बसल्या होत्या, लेक वरच्या मजल्यावर मीटिंगमध्ये. फार लागलं नव्हतं. पण त्यानंतर वहिनींनी जेवताना मोजणीला काही म्हणणं सोडलं.

त्यांची वाक्यं ठरलेली. "पहिलं टॉयलेट, मग इतिहास." "फोटो नंतर, पायरी आधी." युरोपात पन्नाशी-साठीची माणसं सांभाळून आलेली ही वाक्यं, ती ते आम्हाला दूध आणायला जातानाही ऐकवायचे. मोबाइलवर विश्वास नाही. "फोन संपतो. जागा संपत नाही. भेटायची जागा ठरवा."

आता मनूच्या डोळ्याचं. तिचा डावा डोळा थकला की आत वळायचा. शाळेतल्या तपासणीत कळलं, डॉक्टरांनी शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलला पत्र दिलं. म्हणाले, हा डोळा आळशी होत चाललाय, मेंदू त्याचं ऐकणं सोडून देतो. सात वर्षांच्या आत सुरू केलं तर सुधारतो, नंतर कठीण. मनूला जानेवारीत सात पूर्ण होणार होती.

पहिली तारीख जूनची होती. आत एकाच मोठ्या माणसाला सोडणार. दादा म्हणाला, "मी गाडीने सोडतो, ताई." मी म्हणाले, "नो वरीज दादा, ट्रेनने जाते, मला रस्ता माहीत आहे." त्याची त्या दिवशी मोठी मीटिंग होती, आणि दुसऱ्याच्या घरात राहताना आपण किती मागायचं याचा मी सारखा हिशोब करत असे. रस्ता मला माहीत होता म्हणजे एकदा नवऱ्याच्या मागे मागे गेले होते.

विल्यम्स लँडिंगला ट्रेन पकडली. नॉर्थ मेलबर्नला उतरले, तिथून बस. सरकत्या जिन्यानं वर गेले आणि वर कोणीच नव्हतं. गर्दी असती तर कुणाच्या तरी पाठोपाठ गेले असते. एवढं मोठं स्टेशन, चकचकीत, आणि रिकामं. पाट्या सगळ्या दिशांना. माझ्या कानात शिट्टीसारखं वाजायला लागलं. मी घाईघाईनं कुठल्यातरी दुसऱ्या जिन्यानं खाली उतरले, समोर आली त्या ट्रेनमध्ये बसले, आणि बाहेरची नावं ओळखीची येईनात. दोन वेळा गाड्या बदलून घरी आले तेव्हा दुपार झाली होती. मनू विचारत होती, "मम्मी, व्हेअर इज द डॉक्टर?" घरी सांगितलं, त्यांनीच तारीख पुढे ढकलली, कोविडमुळे. तेव्हा सगळंच पुढे ढकललं जात होतं, कोणाला शंका आली नाही. नवऱ्यालाही तेच सांगितलं. फोन ठेवून मी न्हाणीघरात जाऊन बसले.

ऑगस्टमध्ये खिडकीचं पाकीट आलं. दोन दिवस फ्रीजवर राहिलं. तिसऱ्या दिवशी दादा आणि वहिनी दोघंही आपापल्या लॅपटॉपला जुंपलेले असताना मी ते काकांपुढे धरलं. "काका, काय लिहिलंय बघता?"

त्यांनी चष्मा लावला, उभ्यानं वाचलं. मग मराठीत सांगितलं, सगळं, काही न गाळता. "जूनच्या तारखेला तुम्ही आला नाहीत. आता ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यातली तारीख देतोय. याही वेळी आला नाहीत तर नाव यादीतून काढू. मग डॉक्टरांच्या पत्रापासून पुन्हा सुरुवात."

स्वयंपाकघरात फ्रीजचा तेवढा आवाज.

"कुठपर्यंत पोचली होतीस?" काकांनी विचारलं.

"नॉर्थ मेलबर्न."

"वर की खाली?"

"वर. जिन्याच्या तोंडाशी."

"हं." त्यांनी पत्राची घडी होती तशीच घातली आणि पाकिटात सरकवलं. खोटं का बोललीस हे विचारलं नाही. तेव्हाही नाही, नंतरही नाही. एवढंच म्हणाले, "उद्या सकाळी दहाला तयार राहा. मनूला टोपी. आपण प्रागहून डे ट्रिप करणार आहोत."

मला वाटलं, घरात बसून काकांचं काहीतरी व्हायला लागलं.

तेव्हा मेलबर्नमध्ये पाच किलोमीटरचा नियम होता. व्यायामाला दिवसातून एक तास, दोघांनीच, लहान मूल सोबत चालायचं. दुसऱ्या दिवशी दहाला काका दारात उभे. कोट, त्याखाली स्पोर्ट्स शूज, तोंडाला मास्क, गळ्यात रिबीन आणि जुनं ओळखपत्र, तेही उलटं. हातात मिटलेली काळी छत्री, तिच्या टोकाला लाल नॅपकिन बांधलेला. छत्री वर गेली आणि काका बदलले. घरात मला अगं-तुगं करणारा माणूस एकदम म्हणाला, "मंडळी, सुप्रभात. ताई, तुमचं टॉयलेट झालं? छोट्या मॅडमचं? उत्तम. जोड्या नाहीत. सुटे, हात वर."

आम्ही रस्त्यात हात वर केले. समोरची म्हातारी बाई बागेला पाणी घालत होती, ती बघत राहिली.

"मंडळी, आपण प्रागच्या मुख्य स्टेशनवर आहोत," काका आमच्या कचऱ्याच्या डब्यांपाशी उभं राहून म्हणाले. "आज कुत्ना होरा. चांदीच्या खाणींचं गाव. तिथे एक चॅपल आहे, आत माणसांच्या हाडांची झुंबरं. घाबरायचं नाही, ती माणसं कोणाला काही बोलत नाहीत. आता कसं जायचं ते ऐका. आठ बावीसची गाडी. पहिल्या डब्यात बसायचं नाही, मधल्या. मोठ्या जंक्शनला उतरायचं. सरकत्या जिन्यानं वर. वर गेल्यावर माणसांच्या मागे जायचं नाही, बसच्या पाटीच्या मागे जायचं. पुढे काचेचं दार. बाहेर बस उभी असते. चौथ्या थांब्याला उतरायचं. म्हणा."

मी म्हणाले. चुकले. पुन्हा म्हणायला लावलं. पाठ केलेलं म्हणून दाखवायची सवय मला शाळेपासून नव्हती, पण काका चिडायचे नाहीत. चुकलं की छत्री फक्त किंचित खाली यायची.

मग आम्ही चालत ओढ्यापर्यंत गेलो. आमच्या इथल्या ओढ्याचं नाव खरंच स्केलेटन क्रीक. काळे दगड, पिवळं गवत, वारा असा की मास्क तोंडाला चिकटायचा. मनूला सशाचं एक हाड सापडलं. काकांनी ते नॅपकिनवर ठेवलं आणि चॅपलचा सगळा इतिहास तिथे उभ्यानं सांगितला.

"पण आजोबा, दिस इज नॉट अ चर्च."

"मॅडम, चर्च आत आहे. तिकीट खिडकी बंद आहे. कोविड."

असं सुरू झालं. कार्लोवी वारी म्हणजे गरम पाण्याच्या झऱ्यांचं गाव, ते आमच्या पार्कात. तिथला नळ टेप लावून बंद केलेला, म्हणून काका थर्मासमधून जिऱ्याचं गरम पाणी न्यायचे आणि स्टीलच्या पेल्यातून घोट घोट प्यायला लावायचे. "चव वाईटच असते. तिथेही सगळे तोंड वाकडं करतात." मेल्निक म्हणजे दोन नद्यांचा संगम, तो पावसाचं पाणी वाहून नेणारी दोन गटारं मिळतात तिथे. काका हात पसरून म्हणाले, "ही व्लतावा, ही लाबे." मनू म्हणाली, "दॅट्स अ ड्रेन." काकांनी गंभीरपणे मान हलवली. "मॅडम, संगम बघावा, पाणी तपासू नये."

सप्टेंबरात घरट्यांतल्या पिल्लांपायी मॅगपाय पक्षी डोक्यावर झेप घ्यायला लागले तेव्हा छत्री पहिल्यांदा उघडली. समोरची म्हातारी बाई आता आमची वाटच बघायची. "व्हेअर टुडे, मेट?"

"कार्लश्तेन, मॅडम. रिटर्न बाय एलेव्हन."

"गुड ऑन या."

प्रत्येक ट्रिपला तीन प्रश्न. परतीची गाडी कितीला, टॉयलेट कुठे, हरवलात तर उभं कुठे राहायचं. आम्ही ओढ्याकाठी उभे, घर दिसतंय, आणि काका विचारणार, "परतीची गाडी, ताई?"

"काका, चालतच तर जायचंय."

"परतीची गाडी?"

"तीन छप्पन्न."

"फलाट?"

मी सांगायची. हे आकडे कुठून येतात हे मी विचारलं नाही. मला वाटायचं, तीस वर्षांचं त्यांच्या डोक्यात बसलंय.

एकदा विचारलं होतं, "काका, प्रागच का? पॅरिस का नाही?"

"पॅरिसला माणूस पॅरिस बघतो. प्रागला आमचा तीन रात्री मुक्काम असायचा. सामान हॉटेलात ठेवायचं, रोज सकाळी एक गाव, संध्याकाळी परत. माझं म्हणणं, माणसानं तेवढंच आधी शिकावं. सकाळी जायचं कसं आणि संध्याकाळी परत यायचं कसं. लांबचा प्रवास काय, विमानात बसवलं की कोणीही करतो. तू नाही का विट्याहून इथपर्यंत आलीस? नॉर्थ मेलबर्नला अडलीस."

दुसऱ्या कोणी म्हटलं असतं तर मला लागलं असतं.

कार्लश्तेन किल्ल्याची गोष्ट त्यांनी मातीच्या ढिगापाशी सांगितली. नव्या घरांसाठी खणून टाकलेली माती, दोन मजले उंच, त्यावर गवत उगवलेलं. मनू वर चढायला धावली. मी निघाले, काका मात्र खालीच थांबले.

"तुम्ही नाही येत?"

"मी कार्लश्तेनला कधी वर गेलो नाही."

"म्हणजे या ढिगावर?"

"खऱ्या. किल्ला वर आहे, टेकडीवर, अर्धा तास चढ. गुडघेवाली मंडळी खाली राहतात, वरून कोणी लवकर उतरतं, कोणी फोटो काढत बसतं. खाली कोणीतरी उभं राहावं लागतं ना. तीस वर्षं मी खालीच उभा. लोक म्हणायचे, काय सुंदर किल्ला आहे हो. मी म्हणायचो, हो ना."

मग ते एका दगडावर बसले. छत्री आडवी मांडीवर घेतली. छत्री आडवी म्हणजे टूर थांबलेली, हे तोपर्यंत मला कळायला लागलं होतं.

"एकदा तिथेच माझ्या हातून एक बाई राहिल्या," ते म्हणाले. "आम्ही जोड्या मोजायचो. आपल्याकडे टूरला येतात ते जोडीनंच, वीस जोड्या म्हणजे वीसदा बोट, पटकन होतं. त्या बाई एकट्या. बार्शीच्या. शाळेत खिचडी शिजवायच्या, पैसे साठवून एकट्याच आलेल्या. वीस जोड्या मोजल्या, म्हटलं चला. बस सुटली, त्या अजून वरून उतरायच्या होत्या. प्रागला जेवायला बसलो तर एका पानावर माणूसच नाही. पिठलं-भात वाढलेला. तेव्हा कळलं."

"मग?"

"टॅक्सी करून गेलो. उन्हाळा होता, साडेआठलाही उजेड. पायथ्याशी, जिथे भेटायचं ठरलं होतं, बरोबर त्याच झाडाखाली उभ्या. पर्स अशी दोन्ही हातांनी धरलेली. साडेचार तास. मी धावत गेलो, माफी मागायला तोंड उघडलं तर त्याच म्हणाल्या, तुम्ही सांगितलं होतं, हरवलं तर हलू नका. मी नाही हलले. आणि विचारतात काय, बाकीच्यांचं जेवण झालं का?"

ढिगावरून मनू ओरडत होती, "आय कॅन सी द ट्रेन!"

"चौथी शिकलेल्या होत्या," काका म्हणाले. "अख्ख्या बसमध्ये इंजिनियर, प्रोफेसर, एक रिटायर जज्ज. सूचना नीट ऐकणारी ती एकटी, आणि तिलाच मी विसरलो. तेव्हापासून जोड्या मोजून झाल्या की सुटे वेगळे मोजतो." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "तुझा नवरा विट्याला गेला त्या दिवशीच सुट्यांत मोजली होती तुला."

मी वर मनूकडे गेले, कारण मला तिथे उभं राहता येईना.

तारखेच्या आदल्या दिवशी जेवताना दादा म्हणाला, "ताई, उद्या मी रजा टाकलीय. गाडीने जाऊ. बाबांची सर्कस पुरे."

काका भात कालवत म्हणाले, "ताई, कुत्ना होराला कसं जायचं?"

मी धडाधड म्हणाले. आता झोपेतही म्हणू शकले असते.

"आता प्रागच्या जागी विल्यम्स लँडिंग म्हण. जंक्शनच्या जागी नॉर्थ मेलबर्न. पुन्हा सांग."

मी सुरू केलं आणि तिसऱ्या वाक्याला थांबले. आठ बावीस. मधला डबा. जिना. काचेचं दार. चौथा थांबा. दादा काकांकडे बघत राहिला. "म्हणून माझ्या कॉम्प्युटरवर दोन दिवस नॉर्थ मेलबर्नचे फोटो बघत होतात?"

"रस्ता न बघता मी ग्रुप नेत नाही," काका म्हणाले.

दादा मला म्हणाला, "ताई, बाबांचं ऐकून रिस्क नको. यावेळी चुकलं तर नाव जाईल. मी सोडतो."

त्याचं बरोबर होतं. तो चांगला आहे, अजूनही आहे. मी मनूकडे बघितलं. ती डावा डोळा बारीक करून ताटातले वाटाणे मोजत होती. डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं, ही एका दिवसाची गोष्ट नाही. तपासणी, पट्टी, महिन्या-महिन्याला पुन्हा. नवरा कधी येईल माहीत नाही. काकांचं नाव भारतात नेणाऱ्या विशेष विमानाच्या यादीत लागलेलं.

"मी जाते," मी म्हणाले. माझा आवाज मलाच अनोळखी वाटला. "दादा, तुम्ही फक्त फोन चालू ठेवा. अडले तर करीन."

काकांनी ताक मागितलं.

सकाळी आम्ही तिघं चालत स्टेशनला गेलो. तोपर्यंत व्यायामाच्या एका तासाचे दोन तास झाले होते. स्टेशन फ्रीवेच्या मधोमध, वर पूल, आणि पुलावर वारा कापतो. गेटापाशी काका थांबले, एका खांबाला पाठ लावून.

"परतीची गाडी?"

"तीन छप्पन्न."

"हरवलात तर?"

"हलायचं नाही."

"मी इथे आहे. हाच खांब. सुटे, हात वर."

नॉर्थ मेलबर्नला जिन्यानं वर गेले. तेच रिकामं, तेच चकचकीत. आणि कानातली शिट्टी सुरू झालीच. मला वाटलं होतं ती येणार नाही. पाय आपोआप परतीच्या जिन्याकडे वळायला लागले. मी थांबले. हलायचं नाही. मनूचा हात धरून तिथेच उभी राहिले. एक माणूस आमच्या बाजूनं निघून गेला. बाहेर काचेतून एक बस आली आणि सुटली, ती मी जाऊ दिली. परतीचा फलाट कुठला ते आधी पाटीवर शोधलं. सापडला. टॉयलेटची पाटी शोधली. सापडली.

मनूनं माझा हात ओढला. "मम्मी, काउंट अस."

"सुटे," मी म्हणाले, हळूच, "हात वर."

त्या रिकाम्या स्टेशनवर आम्ही दोघींनी हात वर केले. "टू," मनू म्हणाली. "ओके. लेट्स गो." मग बसची पाटी दिसली. ती पहिल्यापासून समोरच होती.

बाकीचं सांगण्यासारखं फार नाही. दिवसभर थेंब घातले, दिवे लावले, चित्रं ओळखायला लावली. फोनवर एक दुभाषी बाई मराठीत सांगत होत्या. चष्मा, आणि चांगल्या डोळ्यावर रोज पट्टी, म्हणजे आळशी डोळा कामाला लागेल. ऑपरेशनचं नंतर बघू. वेळेत आलात, डॉक्टर म्हणाले. ते वाक्य मी दुभाषी बाईंना दोनदा सांगायला लावलं.

तीन छप्पन्नच्या गाडीनं परत आलो. मनूला थेंबांमुळे सगळं धुरकट, डोळ्यावर कागदाचा काळा चष्मा. जिना चढताना मला आधी लाल नॅपकिन दिसला. काका त्याच खांबाशी. कोटाची कॉलर वर, नाक लाल झालेलं.

"तुम्ही घरी नाही गेलात?"

"हलायचं नाही हे दोन्ही पार्ट्यांना लागू असतं," ते म्हणाले, आणि लगेच, "मंडळी, स्वागत. टॉयलेट?"

पुढचं मला दादाकडून कळलं. दोन तासांनी स्टेशनवरच्या पोलिसांनी काकांना हटकलं. काकांनी टूरच्या इंग्रजीत सांगितलं, माय ग्रुप इज कमिंग बाय थ्री फिफ्टी-सिक्स ट्रेन. पोलीस म्हणाला, "गो होम, मेट." दादानं येऊन त्यांना घरी नेलं. अकरा वाजता. तासाभरानं काका घरात नाहीत. पुन्हा नेलं, जेवायला घातलं. दोनच्या सुमाराला पुन्हा नाहीत. तिसऱ्यांदा दादा गेला तेव्हा तोच पोलीस त्याला म्हणाला, राहू दे त्यांना, आता थोडाच वेळ आहे. दादा गाडीत बसून राहिला. आम्ही जिन्यावरून आलो तेव्हा तो पार्किंगमध्येच होता. त्यानं मनूला उचलून गाडीत बसवलं आणि काच पुसत राहिला.

काका नोव्हेंबरात पुण्याला परत गेले. बॅगा गाडीत चढल्यावर छत्री मनूच्या हातात दिली, नॅपकिनसकट. "ऑफिसचा माल आहे, सांभाळून," म्हणाले. नंतरच्या तपासण्यांना आम्ही दोघीच गेलो, दर महिन्याला, मनूच्या हातात ती छत्री. नॉर्थ मेलबर्नला शिट्टी अजून वाजते कधीतरी. वाजू दे. मी थांबते, मोजते, पुढे जाते. नवऱ्याला जूनचं खरं मी तो परत आल्यावर सांगितलं, दुसऱ्या वर्षाच्या शेवटी. तो म्हणाला, "पुढच्या तारखेला मीपण येतो, मला रस्ता दाखव." आता मी एका शाळेच्या कॅन्टीनमध्ये काम करते, दोन गाड्या बदलून जाते.

रविवारी काकांचा फोन येतो. फोनवर ते अजून मोठ्यानंच बोलतात. "सुटे किती?"

"आता जोडी आहे, काका."

"मग मनूला मोजायला विसराल. जोडी झाली की माणसं तिसऱ्याला विसरतात."

त्यांचे गुडघे आता दुखतात, जिना चढताना मध्ये थांबतात. मी ते ऐकते आणि मनातल्या मनात वर्षं मोजते. त्यांनी केलेलं फेडायचं कसं याचा मी खूप विचार केला. मिठाई पाठवली तर ती सोसायटीच्या वॉचमनला जाते. मग एकच सुचलं, आणि ते इथे लिहून ठेवते, म्हणजे मला मागे फिरता येणार नाही.

काका, एक दिवस मी तुम्हाला प्रागला नेईन. सामान हॉटेलात ठेवू. सकाळची गाडी, मधला डबा, परतीची वेळ मी आधी बघून ठेवीन. कार्लश्तेनला उतरलं की तुम्हाला मनूच्या हाती देईन, ती तुम्हाला सावकाश वर नेईल, दर वळणावर बसवत. किल्ला नीट बघा, फोटो काढा, हवा तेवढा वेळ घ्या. त्या झाडाखाली पर्स दोन्ही हातांनी धरून मी उभी असेन. तुम्ही खाली येईपर्यंत मी हलणार नाही.